माहेरी न गेलेली होडी

आंब्याच्या लाकडाची होडी म्हणजे पत्रावळ, एकदा वापरली की टाकून द्यायची, असं छाती पुढे काढून सांगणारे आमच्या ठाण्यात अजून पुष्कळ आहेत. त्यांतल्या निम्म्यांनी आयुष्यात होडीला हात लावलेला नाही, आणि उरलेल्यांनी लावला तो फक्त चढताना आणि उतरताना. पूर्वी मी असल्या माणसांशी वाद घालत असे. आता घालत नाही. आता मी त्यांना कोपरीच्या बायजाची हकीकत सांगतो आणि त्यांचं तोंड कसं कसं होत जातं ते बघत बसतो. मला त्यात आनंद होतो, हे कबूल करायला लाज वाटत नाही.

मी हरिहर. घर टेंभी नाक्यावर, पण १९४७ साली कोपरीच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो आणि तिथेच खोली घेऊन राहिलो. गावात लिहिणारी माणसं थोडी, त्यामुळे गावकीच्या बैठकीची वहीही वर्षभरात माझ्याच गळ्यात पडली. त्या वहीतलं एक पान माझ्या अक्षरातलं आहे आणि ते लिहिल्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

बायजाचा नवरा रघु होड्या बांधायचा. खाडीच्या काठावर त्याचं खोपट होतं, आत लाकूड तासायची वाकस, पटाशी, गिरमिट आणि राळेचा वास. तो फळ्या जोडायचा आणि बायजा फटींत कापूस ठासायची. सागाची होडी बांधून घेणं म्हणजे बड्या माणसांचं काम. रघु आंब्याच्या लाकडाची बांधायचा, ती जेमतेम तिसऱ्या हिश्श्यात पडायची. रेती काढणारा, मासे धरणारा, मिठागरावर गोणी वाहणारा, असला माणूस आयुष्यात होडीचा मालक झाला तो रघूमुळे. ही गोष्ट मात्र कोणी छाती पुढे काढून सांगत नाही.

गिऱ्हाईक आलं की रघु आधी आपल्याच होडीची बदनामी करायचा, मग ती विकायचा. "धा-बारा वर्सं चालंल, पन्नास नाय चालाची. समिंदरात नेऊ नको. जास्ती भरू नको. आनि माघात पंधरा दिस माहेरी पाठव. कबूल असंल त घे, नायतं ऱ्हाव दे." वसईहून आलेल्या एका माणसाला खोल पाण्यात मासेमारी करायची होती. त्याने पैसे पुढे केले तरी रघूने त्याला परत पाठवलं. मी स्वतः पाहिलंय.

हे माहेरी पाठवणं म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण सगळी हकीकत त्यावरच आहे. दिवाळीनंतर खाडीचं पाणी खारं होत जातं आणि त्यात एक किडा लाकडात शिरतो. बाहेरून भोक सुईएवढं दिसतं, आतून फळी पोखरून निघते. सागाला तो सहसा लागत नाही, आंब्यावर मात्र तुटून पडतो. पण हा किडा गोड्या पाण्यात मरतो. म्हणून रघूची होडी दर माघात कळव्याच्या पुलाखालून, मुंब्र्याच्या डोंगराच्या कडेने, डोंबिवलीवरून आणि दुर्गाडीच्या खालून वर वर नेत आंबिवलीला काळू नदीत पोचवायची, आणि पंधरा दिवस तिथे बुडवून ठेवायची. भरती तिथवर पोचत नाही. आंबिवली हे बायजाचं माहेर. तिचा भाऊ आनंदा काठावर राहायचा आणि बुडवलेल्या होड्यांवर नजर ठेवायचा. "बायकोला माहेरपन नाय दिला त ती आतून पोखरते," असं रघु बायजाकडे बघून म्हणायचा, आणि बायजा कापसाचा बोळा त्याच्या अंगावर फेकायची.

पण माघ म्हणजे मिठाचा ऐन हंगाम. त्या पंधरा दिवसांत होडी कामावरून काढायची म्हणजे पोटाला चिमटा. गरीब माणसं तो चिमटा घेत होती. गोपीनाथशेटने घेतला नाही.

गोपीनाथ गावातला मोठा माणूस होता. स्वतःचं मिठागर, भातशेती, गावकीत वजन. त्याला सागाची होडी सहज परवडली असती, पण १९४५ साली त्याने रघूकडून आंब्याची घेतली, कारण ती स्वस्त होती. त्याच झाडाची, त्याच महिन्यात बांधलेली दुसरी होडी डोंबिवलीच्या मोठ्या गावातल्या भिवाने घेतली. भिवा रेती काढायचा. पहिली दोन वर्षं रघूने आपल्या पोरीला न्यावं तशी गोपीनाथची होडी स्वतः आंबिवलीला नेली. पुढे गोपीनाथ म्हणाला, तू कशाला तसदी घेतोस, माझा मी पाठवीन.

१९४९च्या फाल्गुनात, शिमग्याला आठ दिवस असताना, ती होडी मिठागरावरून येताना भर खाडीत बुडाली. मिठाच्या गोणी काठोकाठ भरल्या होत्या आणि वर पाच बाया बसल्या होत्या. चौघींना लोकांनी ओढून काढलं. पाचवी शकू, ती दुसऱ्या दिवशी चिखलात सापडली. शकू बायजाची धाकटी बहीण, त्याच गावात दिलेली.

गोपीनाथने त्या होडीच्या फळ्या गाळातून काढल्या आणि गावच्या होळीत घातल्या. अशुभ होडी, जाळलेली बरी, असं म्हणून. सगळं गाव त्या आगीभोवती नाचलं. मीही उभा होतो. आत काय पोखरलेलं होतं ते कुणीही बघितलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी बघायला काही उरलं नाही.

दुसऱ्या दिवशीच गावकी बसली. गोपीनाथ उभा राहून म्हणाला, "सस्तातली होरी. दुसरा काय व्हनार?" रघूने एवढंच विचारलं, "माहेरी पाठवली व्हतीस ना?" गोपीनाथने हात वर केला. "दोनी वर्सं. आंबिवलीला नाय, टिटवाल्याला, माझ्या सोयऱ्याकडं. मी सोता जाऊन, सोताच्या हातानी बुडवली. एकवीरा आईची आन."

आगरी माणूस एकवीरेची खोटी आण घेत नाही. निदान रघु तसं मानत होता. शपथ ऐकली आणि तो खाली बसला. त्याच्या हिशेबी मग एकच गोष्ट उरली, की खोट त्याच्या हातात होती. बायजा बायकांतून उठून ओरडली की माझ्या भावाने दोन वर्षांत ती होडी डोळ्यांनी पाहिलेली नाही. तिला सांगण्यात आलं की टिटवाळा वेगळा आणि आंबिवली वेगळी, आणि बाईमाणसाने मध्ये बोलू नये. पंचांनी ठरवलं, रघूने यापुढे होडी बांधायची नाही. मी ते वहीत सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. खाली तारीखसुद्धा घातली.

रघूने वाकस खाली ठेवली ती कायमची. तो आंब्याचा एखादा तुकडा मांडीवर घेऊन बोटाने वाजवत बसायचा आणि कान लावून ऐकायचा. मधेच बायजाला म्हणायचा, "तुज्या भैनीला मी मारला गं." बायजा त्याला समजवायची, मग शिव्या द्यायची, मग रडायची. काही उपयोग झाला नाही. त्याच्या डोक्यात गोपीनाथची शपथ बसली होती आणि ती कुणालाच उपटून काढता आली नाही. १९५१च्या पावसाळ्यानंतर तो तापाने गेला. जाताना तो तापातही फळीची जाडी मोजत होता, असं बायजाने मला सांगितलं.

झालं ते विसर म्हणून बायजाला लोकांनी परोपरीने समजावलं. तिने कुणाचं ऐकलं असं मला दिसलं नाही. पोटासाठी ती गोपीनाथच्याच मिठागरावर टोपल्या वाहायला लागली. लोक म्हणाले, बघा, पोटापुढे काही नाही. मी पण तेच समजलो. एकदा रस्त्यात गाठून मी तिला म्हटलं, "बायजाबाई, त्या माणसाचं काम कशाला करता? दुसरीकडे बघा."

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मास्तर, दुसरीकरं जेली त यो मना रोज दिसंल कसा?"

त्या दिवसापासून मला तिची थोडी भीती वाटायला लागली. खरं सांगायचं तर भीतीबरोबर बरंही वाटलं.

१९५४च्या माघात ती आनंदाकडे आंबिवलीला गेली होती. त्याच दिवशी भिवा आपली होडी घेऊन तिथे आला, दरवर्षीप्रमाणे. नऊ वर्षं झाली होती, होडी ठणठणीत होती. आनंदा कमरेएवढ्या पाण्यात उतरला, होडीच्या मागच्या बाजूची एक आखूड फळी त्याने उचलली, खाली हात घातला आणि लाकडी बूच काढलं. पाणी आत आलं आणि होडी न हलता, न वाजता खाली बसली. हे बूच रघूची युक्ती होती. बाकीचे लोक होडी बुडवायला आत दगड भरतात. आंब्याची फळी मऊ, दगडांनी चेचते. म्हणून रघु प्रत्येक होडीला मागच्या बाजूला बूच ठेवायचा आणि ते फळीखाली झाकायचा, पोरांनी खेळताना काढू नये म्हणून.

बायजाने हे लग्न झाल्यापासून शंभरदा पाहिलं असेल. पण त्या दिवशी ती काठावर तशीच उभी राहिली. संध्याकाळच्या गाडीने ती ठाण्याला उतरली ती थेट माझ्या खोलीवर आली आणि दारातूनच म्हणाली, "मास्तर, तवा कोनी त्याला इचारला नाय."

"काय विचारलं नाही?"

"कशी बुडवली त."

मला समजायला थोडा वेळ लागला. पाच पंच होते, दीडशे माणूस होतं, एक शिकलेला मास्तर वही घेऊन बसला होता, आणि माहेरी नेऊन बुडवली म्हणणाऱ्याला ती कशी बुडवली हे विचारायचं एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. कोपरीत रघूच्या होड्या घेणारे आणखी दोघं होते. त्यांना बूच ठाऊक होतं. त्यांनाही कुणी विचारलं नाही, आणि ते आपण होऊन बोलले नाहीत. गोपीनाथची होडी मात्र पहिली दोन वर्षं रघूनेच बुडवली होती, त्याने बूच कधी पाहिलंच नसणार.

"उद्याच गावकी बोलवू," मी म्हटलं.

"नाय. शिमग्याला." ती हसली. रघु गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं, आणि ते हसू मला फार आवडलं असंही नाही.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या भरतीला भिवाची होडी कोपरीच्या काठाला लागली. झेंडूच्या माळा घातलेली, आत शकू गेली त्या दिवशी होत्या तशा मिठाच्या गोणी. सगळं गाव रंगलेलं होतं, पुरुषांच्या पोटात ताडी होती, गोपीनाथच्या सगळ्यांपेक्षा जास्त. बायजा पदर खोचून पंचांपुढे आली. मी वही घेऊन बसलो होतो.

"माजी तक्रार नाय," ती म्हणाली. "मना शिकायचा हाय. ही होरी माज्या नवऱ्यानी बांधलेली. फुडल्या सालापासना माहेरी न्यायचा काम मी घेतलंय. गोपीनाथशेटनी दोन वर्सं सोताच्या हातानी बुडवली, शपतंवर सांगतला. त्यांनी मना दाखवावा, कशी बुडवाची."

गोपीनाथला बायकांपुढे हुशारी दाखवायला आवडायचंच. "त्यात काय शिकाचा? अरे, दगर आना!" पोरांनी आणि गड्यांनी काठावरचे दगड आणून दिले. गोपीनाथ कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून एकेक दगड आत टाकू लागला. होडी हिंदकळली, गोणी कलंडल्या, पण ती बुडेना. भिवा दात खाऊन उभा होता, कारण त्याच्या फळ्यांवर दगड आपटत होते. बायजाने त्याला डोळ्यांनी दटावलं. तिने गोपीनाथला बारा दगड टाकू दिले. मी मोजले. प्रत्येक दगडाला तिच्या तोंडावर जे काही उमटत होतं त्याला मी समाधान म्हणेन.

मग ती पाण्यात शिरली, होडीत चढली, मागची आखूड फळी तिने उचलली आणि बूच काढलं. होडी शांतपणे खाली बसत गेली, म्हैस डबक्यात बसते तशी. बायजा कमरेपर्यंत पाण्यात उभी होती. तिच्या हातात ते ओलं बूच होतं. रघूच्या होड्यांचे ते दोन मालक एकमेकांकडे बघून खाली बघायला लागले.

"मना बूच म्हाइत नव्हता," गोपीनाथ म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "मी दगरानीच बुडवली टिटवाल्याला."

भिवा होडीच्या तळाशी हात घालून एक फळी चाचपत होता. "इकरं बगा," तो पंचांना म्हणाला. "बारा दगरांत फली चेचली. उपसली तरी पानी झिरपंल."

"दोन वर्सं असा चेचलास," बायजा म्हणाली, "आनि एकदा पन माज्या नवऱ्याकरं फली बदलाया नाय आनलीस? आनि ती झिरपत नव्हती?" ती पाण्यातून चालत त्याच्या अगदी समोर आली. आता ती शेट म्हणत नव्हती. "बरा. एक कर. एकवीरेची आन परत घे. आता, हिकरंच, पान्यात उभा ऱ्हाऊन. मी बोलनार नाय. जलमभर बोलनार नाय."

गोपीनाथने हात वर केला. तो खांद्यापर्यंत आला आणि तिथे थांबला. पंचांतला सगळ्यात म्हातारा म्हणाला, "घे ना, गोपीनाथ." हात खाली आला.

मग ताडी उतरल्यासारखं त्याने सगळं सांगितलं. हंगाम तेजीत होता. पंधरा दिवस होडी बसवली तर मीठ काठावर पडून राहिलं असतं. दोन्ही वर्षं ती कुठेच नेली नाही. फळ्या होळीत का घातल्या तेही त्याने सांगितलं, कुणी न विचारता. शकूचा नवरा त्याच्या अंगावर धावून गेला, चौघांनी त्याला धरला. माझं विचाराल तर धरायला नको होतं.

मी वही उघडली. ते १९४९चं पान फाडून टाकतो म्हणून बायजाला सांगितलं. ती म्हणाली, "फारू नका. त्याच्या खाली लिवा. दोनी ऱ्हाव देत. तुमी कवा काय लिवलाव त बी ऱ्हाव दे." मी लिहिलं. अक्षर या वेळी काही सुवाच्य आलं नाही.

पंच दंड ठरवायला बसले. मोठा दंड, देवीला बोकड, शकूच्या नवऱ्याला भरपाई. बायजा म्हणाली, शकूचं काय ते तिच्या नवऱ्याला विचारा. मला यातलं काही नको. पंचांनी विचारलं, मग काय हवं? रघूचं नाव तर सगळ्या गावासमोर साफ झालं.

"गावासमोर झाला," ती म्हणाली. "त्याच्यासमोर कुठं झाला?"

ती गोपीनाथला घेऊन खाडीकाठच्या मसणवट्यात गेली. ओढून नेलं नाही, पुढे चालली आणि तो मागून गेला. आम्ही सगळे त्यांच्या मागे होतो. तोंडांवर गुलाल, ढोल खांद्याला लटकलेले. रघूला जिथे जाळलं होतं तिथे तिने त्याला उभं केलं आणि काय म्हणायचं ते सांगितलं.

गोपीनाथ खाली मान घालून पुटपुटला.

"ऐकू नाय आला," बायजा म्हणाली. "मोठ्यानी."

"रघु, तुजी होरी चांगली व्हती."

"अजून मोठ्यानी. आनि मी माहेरी पाठवली नाय, ता बी बोल."

तो ओरडला. "रघु, तुजी होरी चांगली व्हती! मी माहेरी पाठवली नाय!" पलीकडच्या तिवरांच्या झाडीतून बगळे उडाले. बायजा एका दगडावर बसली, पाय पुढे पसरून, कामावरून आलेली बाई बसते तशी. "अजून," ती म्हणाली. तो पुन्हा ओरडला. मग पुन्हा. सुरुवातीला लोकांना बरं वाटत होतं. पंधरा-वीस वेळा झाल्यावर बाया तोंडाला पदर लावायला लागल्या. गोपीनाथचा आवाज फाटला. भरती उतरायला लागली होती आणि खालचा चिखल दिसत होता. म्हातारे पंच माझ्याकडे बघत होते की मास्तर, तुम्ही तरी काही बोला. मी बोललो नाही. एकदा या गावात मी नको तेव्हा गप्प बसलो होतो, पण या वेळचं माझं गप्प बसणं मला अजून योग्य वाटतं.

शेवटी गोपीनाथ गुडघ्यांवर बसला. तो रडत होता. "बायजे, पुरे कर गं. मेलेल्याला कुठं ऐकू येतंय?"

"नाय येत," बायजा म्हणाली. "त्याला ऐकू आला असता त त्यानी तुना पयल्याच हाकेला माफ केला असता. मना ऐकू येतंय. ओरड."

गोपीनाथ पुन्हा ओरडला.